ट्रान्सफॉर्मर घेताय? साधा ब्रीदर, बॅग की सीलबंद, हे आधी ठरवा

तासगावकडे बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज उभारणाऱ्या एका गृहस्थांचा मागच्या महिन्यात फोन आला. "ताई, तीन कोटेशनं आलीत. एकात साधा ब्रीदर आहे, एकात वरच्या टाकीत रबरी बॅग आहे आणि तिसरा म्हणतोय सीलबंद घ्या, ब्रीदरची कटकटच नको. कुठला घेऊ?" मी त्यांना उलट तीन प्रश्न विचारले. कॉम्प्रेसर दिवसातनं किती वेळा बंद-चालू होणार? सीझन संपल्यावर ट्रान्सफॉर्मर चार्ज (सप्लायला जोडलेला) ठेवणार की बंद? आणि ब्रीदरमधल्या, ओल शोषणाऱ्या जेलचा रंग बघायला तिथं माणूस कोण आहे? किमतीचं मी विचारलंच नाही. ते थोडे नाराज झाले असावेत, पण या तीन उत्तरांशिवाय मला काही सांगता येत नाही.

कुपवाडच्या एमआयडीसीत मी ट्रान्सफॉर्मर ऑइल तपासायची लॅब चालवते. त्याआधी अण्णांचं रिवाइंडिंगचं दुकान होतं. ते लोखंडी सळई तापवून तेलात बुडवायचे आणि कान देऊन ऐकायचे. चरचरली की म्हणायचे, "पाणी आहे." आता माझ्याकडं कार्ल फिशर पद्धतीचं यंत्र आहे, ते पाणी पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखात किती भाग, मोजून देतं. पण रिपोर्ट हातात पडल्यावर गिऱ्हाइकाचा प्रश्न तोच असतो, जो अण्णांना विचारायचे: पाणी आत गेलं कुठनं? दहातल्या सात-आठ वेळा उत्तर ट्रान्सफॉर्मरच्या श्वासात असतं: आतलं तेल तापून फुगलं की हवा बाहेर जाते, थंड होऊन आकसलं की ब्रीदरमधून आत येते. म्हणून नवीन घेताना या श्वासाची व्यवस्था नीट निवडावी, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

कागद जपायचा आहे

तेल खराब झालं तर गाळता येतं, बदलता येतं. वाइंडिंगवर गुंडाळलेला कागद बदलायचा म्हणजे सगळं उघडून रिवाइंडिंगच. ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य म्हणजे त्या कागदाचं आयुष्य. उष्णता, पाणी आणि ऑक्सिजन हे त्याचे तीन वैरी. उष्णता लोडवर आणि कूलिंगवर अवलंबून असते. उरलेले दोघे हवेतून येतात आणि त्यांना दारातच अडवायचं काम तेल जपणाऱ्या यंत्रणेचं.

इथं एक गैरसमज मी रोज बघते. "ताई, पीपीएम कमी आलाय, म्हणजे ट्रान्सफॉर्मर कोरडा आहे ना?" असं नाही. आतल्या पाण्यातलं जवळजवळ सगळं पाणी कागदात असतं, तेलात फार थोडं. २० अंशांना खनिज तेलात साधारण ५० पीपीएम पाणी विरघळू शकतं, ६० अंशांना २०० च्या वर. ट्रान्सफॉर्मर तापला की पाणी कागदातून तेलात येतं, थंड झाला की परत कागदात शिरतं. पहाटे थंड तेलातून घेतलेला नमुना छान दिसणारच. म्हणून नमुन्याच्या बाटलीवर तेलाचं तापमान लिहिलेलं नसेल तर मी आधी फोन करून ते विचारते, मगच रिपोर्टवर सही करते.

श्वासाचा हिशेब मांडा

तेल दर अंशाला स्वतःच्या आकारमानाच्या साधारण ०.०००७५ पट फुगतं. ४,००० लिटर तेलाचा ट्रान्सफॉर्मर धरा. एक अंश वाढला की ३ लिटर फुगवटा. दिवसा लोडवर आणि रात्री बिनलोड असा ३५ अंशांचा फरक पडत असेल, तर रोज शंभरएक लिटर हवा बाहेर जाते आणि तेवढीच आत येते. पावसाळ्यात २५ अंशांच्या दमट हवेत घनमीटरमागं २० ग्रॅमच्या आसपास वाफ असते. म्हणजे रोज दोन ग्रॅम पाणी दारात उभं. शंभर दिवसांचा पावसाळा धरला तर दोनशे ग्रॅमच्या वर. ४,००० लिटर तेलाचं वजन साधारण ३,५०० किलो, त्यात हे सगळं शिरलं तर ६० पीपीएमएवढं होतं. शिरतं मात्र कागदात.

हा हिशेब तुमच्या आकड्यांनी एकदा कागदावर करा. तेल किती लिटर ते नेमप्लेटवर किंवा कोटेशनच्या ड्रॉइंगवर असतं. तापमानातली रोजची चढउतार जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ऑइल टेम्परेचर गेजवरून दोन दिवस दर तीन तासांनी लिहून काढा. दिवसरात्र एकसारखं लोड असलेला मोठा ट्रान्सफॉर्मर कमी श्वास घेतो. दिवसातून चारदा चालू-बंद होणारा त्याच्याहून लहान ट्रान्सफॉर्मर कितीतरी जास्त घेतो. कॅटलॉगमध्ये केव्हीए, म्हणजे क्षमता, बघून यंत्रणा सुचवलेली असते, त्यात हा फरक कुठंच दिसत नाही.

साधा ब्रीदर

वर टाकी, टाकीतून खाली आलेला पाइप, पाइपच्या टोकाला सिलिका जेलचा डबा आणि त्याच्या तळाशी तेलाची वाटी. सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांना माहीत, आणि नीट राखला तर पाण्यापुरता चांगला. ऑक्सिजन मात्र तो अडवत नाही. आत येणारी हवा कोरडी असते, पण हवाच असते.

जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण २० टक्के पाणी धरतं. अडीच किलोचा डबा म्हणजे अर्धा किलो पाणी. वरच्या हिशेबाप्रमाणे एक पावसाळा निघायला हवा. तरी आषाढ संपायच्या आतच जेल गुलाबी झालेलं मी कैक ठिकाणी बघते. तिथं जेल कुठून गुलाबी झालं ते बघा. हवा तळाच्या वाटीतून येते, म्हणून रंग खालून वर बदलत गेला पाहिजे. वरच्या जेलचा रंग आधी बदलला असेल तर हवा वाटी टाळून वरच्या फ्लँजमधून किंवा पाइपच्या जोडातून आत ओढली जाते आहे. तिथं कितीही जेल बदला, गास्केट बदलल्याशिवाय उपयोग नाही. ही खूण अण्णांनी मला शाळेत असताना दाखवली होती आणि आजही नव्या सुपरवायझरला मी पहिल्यांदा हीच दाखवते.

वाटीत खुणेपर्यंत तेल हवंच. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं हवा कोरडी आहे, जेल महिनोन्महिने टिकतं, पण वाटीत धूळ बसून गाळ होतो आणि तेल आटतं. तिकडं माणसं जेलचा रंग बघून खूश असतात, वाटीकडं कुणी वाकून बघत नाही.

जेल घेताना निळं टाळा. त्यातला रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, तो आरोग्याला घातक आहे, आणि जेल भाजणारा आपलाच माणूस उघड्या हातानं ते हाताळतो. नारिंगी जेल मिळतं, तेच ऑर्डरमध्ये लिहा.

माझं मत असं: लहान किंवा मध्यम ट्रान्सफॉर्मर, लोड बऱ्यापैकी स्थिर, आणि आठवड्यातून एकदा ब्रीदरसमोर उभा राहणारा माणूस नक्की आहे, तर साधा ब्रीदर घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या गास्केटवर आणि तेलाच्या तपासणीवर घाला. असा माणूस नसेल तर तो घेऊच नका. साताऱ्याकडं वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे ट्रान्सफॉर्मर बघा. वारा वाढला की लोड चढतं, पडला की उतरतं, म्हणजे श्वास सारखा चालू, आणि पावसाळ्यात दिवसेंदिवस धुकं. महाबळेश्वरला तर वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा जागी जेल आपोआप सुकवणारा ब्रीदर मिळतो, आत हीटर आणि आर्द्रता ओळखणारा सेन्सर असतो. महाग आहे, त्याला स्वतःची सप्लाय लागते, पण जिथं माणूस पोचत नाही तिथं पैसे वसूल होतात. फक्त त्याचा फॉल्ट अलार्म कंट्रोल रूमपर्यंत ओढून घ्या, नाहीतर हीटर जळाल्याचं वर्षभर कळणार नाही.

रबरी बॅग

मोठ्या ट्रान्सफॉर्मरला माझी पहिली पसंती हीच. वरच्या टाकीत नायट्राइल रबराची पिशवी असते. पिशवीच्या आत हवा, बाहेर तेल. तेल फुगलं की पिशवी दबते, आकसलं की पिशवी फुगते. श्वास पिशवी घेते, तेलाला हवा लागतच नाही. म्हणजे पाण्याबरोबर ऑक्सिजनही अडतो, आणि बुखोल्झ रिले (आत वायू साचला की इशारा देणारं उपकरण) नेहमीसारखा ठेवता येतो. पिशवीच्या तोंडाला ब्रीदर असतोच, तो काढून टाकायचा नसतो. पिशवीच्या आत पाणी साचलं तर रबर कुजतं.

आपल्याकडं साखर कारखान्यांत सहवीजनिर्मितीचे मोठे ट्रान्सफॉर्मर आहेत. त्यांचा दिनक्रम बघा: गळीत हंगामात हिवाळा-उन्हाळा पूर्ण लोडवर, आणि नेमका पावसाळ्यात रिकामा. रिकामा, थंड ट्रान्सफॉर्मर दिवस-रात्रीच्या दहा-बारा अंशांच्या फरकानंही श्वास घेतच राहतो, आणि थंड असल्यामुळं आलेलं पाणी कागदात मुरतं. इथं बॅग हवीच असं मी ठामपणे सांगते. जोडीला, बंद हंगामात तो बिनलोड चार्ज ठेवता येतो का तेही बघा. टेस्ट सर्टिफिकेटवर नो-लोड लॉस (लोड नसतानाही खर्च होणारी वीज) लिहिलेला असतो, त्यावरून चार महिन्यांचं बिल काढा आणि एकदा तेल सुकवायच्या खर्चाशी ताडून बघा.

बॅगेची दुसरी बाजू मी स्वतः बघितली आहे, ती सांगते. एका कारखान्यात नवा बॅगवाला ट्रान्सफॉर्मर बसला. सहा महिन्यांनी डीजीएसाठी, म्हणजे तेलात विरघळलेले वायू मोजायला, नमुना माझ्याकडं आला. बॅग घट्ट असेल तर तेलात ऑक्सिजन दोन-तीन हजार पीपीएमच्या आत राहायला हवा. इथं तो वीस हजारांच्या वर निघाला. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचं गुणोत्तर ०.५ च्या जवळ, म्हणजे उघड्या हवेत श्वास घेणाऱ्या तेलासारखं. बॅगवाल्यात ते ०.२ च्या खाली अपेक्षित असतं. सुपरवायझर म्हणाले, नमुना घेताना सिरिंजमध्ये हवा गेली असेल. रास्त शंका होती. मी स्वतः गेले, काचेची सिरिंज तीनदा धुऊन, बुडबुडा न येऊ देता नमुना घेतला. आकडा तोच. ऑइल लेव्हल गेज मात्र व्यवस्थित पातळी दाखवत होता, त्यामुळं कुणाला पटेना. शटडाउन घेतल्यावर ब्रीदरचा पाइप सोडला तर आतून तेलच आलं. बॅग तोंडाजवळच्या शिवणीला फाटली होती. भरताना व्हॅक्यूम ओढला होता आणि बॅगेची आतली-बाहेरची बाजू जोडणारा इक्वलायझिंग व्हॉल्व्ह बंद राहिला होता. एका बाजूला निर्वात, दुसऱ्या बाजूला हवेचा दाब. रबर तरी किती सोसणार? सहा महिने ती माणसं बॅगेचे पैसे मोजून उघड्या ब्रीदरवर ट्रान्सफॉर्मर चालवत होती. त्या दिवशी घरी येताना मला फार वाईट वाटत होतं, कारण चूक एका व्हॉल्व्हची होती आणि ते सांगायला साइटवर कुणी नव्हतं.

म्हणून बॅग घेणार असाल तर ऑर्डरमध्ये चार गोष्टी लिहूनच घ्या. बॅग फाटल्याची सूचना देणारा रिले. इक्वलायझिंग व्हॉल्व्ह, आणि त्यावर मराठीत पाटी: व्हॅक्यूमच्या वेळी उघडा, चालू असताना बंद. बॅग फुगवण्याचा दाब किती, हे ड्रॉइंगवर छापलेलं, कारण तो फार थोडा असतो आणि साइटवरचा कॉम्प्रेसर क्षणात त्याच्या कितीतरी पट दाब देतो. आणि तेल भरताना टाकीतली सगळी हवा काढायला वर व्हेंट. हवा अडकून राहिली तर पहिल्या उन्हाच्या दिवशी बुखोल्झ वाजतो आणि सगळे घाबरतात. चार्ज झाल्यावर महिन्यानं एक डीजीए करून ऑक्सिजनचा आकडा फाइलला लावा. पुढं दरवर्षी त्याच्याशीच ताडायचं.

पिशवीऐवजी टाकीच्या मध्यावर आडवा पडदा असलेली रचनाही मिळते. तत्त्व तेच. पण त्या पडद्याचा लांबलचक फ्लँज पाझरतो आणि पडदा बदलायला टाकी दोन भागांत उघडावी लागते. मी सुचवत नाही.

टॅप चेंजरचं, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या भागाचं, तेल वेगळं असतं, त्यात ठिणग्यांमुळं वायू होतातच. त्याच्या टाकीचा कप्पा वेगळा, ब्रीदर वेगळा. तिथं बॅग नको, पण तो छोटा ब्रीदर विसरला जातो, हे मात्र लक्षात ठेवा.

सीलबंद

पातळ पत्र्याच्या घड्यांची टाकी, वरची टाकी नाही, ब्रीदर नाही. तेल फुगलं की घड्या फुगतात. लहान ट्रान्सफॉर्मरला, साधारण २,५०० केव्हीएपर्यंत, हे सोयीचं आहे. कोल्ड स्टोअरेज, दवाखाना, हळदीचं गोडाऊन, जिथं इलेक्ट्रिशियन बोलावल्यावर येतो, तिथं मी हेच सांगते.

पण दोन गोष्टी समजून घ्या. घड्यांचा पत्रा पातळ असतो, त्यावर शिडी टेकवायची नाही, पोती रचायची नाहीत. आणि थंड असताना आत निर्वात असू शकतो. सवयीनं कुणी "बीडीव्ही करूया" (तेल किती व्होल्टेज सोसतं ती चाचणी) म्हणून व्हॉल्व्ह उघडला तर तेल बाहेर यायच्या आधी हवा आत जाते आणि सीलबंदपणा तिथंच संपतो. दाबाचा गेज बसवून घ्या, दाब शून्याच्या वर असतानाच नमुना घ्या, आणि वारंवार घेऊ नका, कारण काढलेलं तेल भरून द्यायला वर टाकी नाही. बुखोल्झच्या जागी वायू, दाब आणि तापमान एकत्र बघणारं उपकरण येतं. ते ऐच्छिक म्हणून कोटेशनमध्ये वेगळं दाखवतात. ते घ्याच.

नायट्रोजन आणि वनस्पती तेल

तेलावर नायट्रोजनची उशी ठेवायची पद्धतही आहे. त्यात सिलिंडर, रेग्युलेटर, गळती शोधणं आलं, आणि तेल अचानक थंड होऊन दाब पडला तर विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होण्याची भीती. आपल्याकडं मला ती फारशी दिसत नाही, आणि बॅग मिळत असताना घ्यायचं कारणही दिसत नाही. आग विझवायला १० एमव्हीए (१०,००० केव्हीए) आणि वरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ जी नायट्रोजनची लाल कॅबिनेट असते, ती वेगळी. तिचा तेल जपण्याशी संबंध नाही. दोन्हींची गल्लत झालेल्या चौकशा मला येतात म्हणून सांगितलं.

आगीच्या भीतीनं वनस्पतिजन्य एस्टर तेल घेणार असाल तर साधा ब्रीदर बादच. ते तेल हवा लागून घट्ट होत जातं. सीलबंद किंवा बॅग, दोनच पर्याय.

नदीकाठी असाल तर

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर माझ्या लॅबमध्ये जे नमुने आले, त्यांतल्या काहींच्या बाटलीतच खाली पाण्याचा थर दिसत होता. झालं काय, तर पाणी जवळ आल्यावर सप्लाय बंद केली, गरम तेल आकसायला लागलं, आणि कमरेच्या उंचीवरचा ब्रीदर तोवर पाण्यात गेला होता. ट्रान्सफॉर्मरनं पुराचं पाणी श्वासातून ओढून घेतलं. सांगली, मिरज, पलूस, कराड भागात काठावर असाल तर २०१९ ची पूररेषा जागेवर खुणेनं दाखवा आणि ब्रीदरचं तोंड, मार्शलिंग बॉक्स (कंट्रोलच्या तारा एकत्र येतात तो डबा) तिच्या वर घ्यायला सांगा. जुन्याच्या बाबतीत, पाणी येण्याच्या बरंच आधी सप्लाय बंद करून तेल पूर्ण थंड होऊ द्या, मग ब्रीदर काढून पाइपला ब्लँक (बंद झाकण) लावा, आणि कंट्रोल हँडलवर टॅग बांधा की ब्लँक काढल्याशिवाय चार्ज करायचा नाही. ब्लँक तसाच राहून ट्रान्सफॉर्मर तापला तर दाब कोंडतो.

जुन्याला बॅग बसवताय?

बसवता येते. पण आधी कोरडा करा. ओल्या ट्रान्सफॉर्मरवर बॅग चढवणं म्हणजे ओले कपडे पेटीत घालून कुलूप लावणं. फक्त एकदा तेल फिल्टर केलं की काम झालं असं नाही. फिल्टर केल्यावर पीपीएम सुंदर येतो आणि दोन महिन्यांत कागदातलं पाणी तेलात येऊन तो परत चढतो. मॉलिक्युलर सीव्हचं (पाणी शोषणाऱ्या दाण्यांचं) यंत्र चालू ट्रान्सफॉर्मरला काही महिने जोडून ठेवलं तर ते कागदातलं पाणी हळूहळू ओढून काढतं. त्यानंतर बॅग.

तासगावच्या त्या गृहस्थांनी शेवटी सीलबंद घेतला. कॉम्प्रेसर सारखे बंद-चालू, सीझननंतर चार महिने बंद, आणि वॉचमनशिवाय साइटवर कुणी नाही, ही त्यांची उत्तरं होती. त्यांच्या ऑर्डरमध्ये मी तीन ओळी वाढवल्या: दाबाचा गेज, वायू-दाब-तापमानाचं उपकरण, आणि चार्ज करायच्या आधी कंपनीच्याच कारखान्यात घेतलेला तेलाचा एक नमुना, तापमान लिहून. तो नमुना परवा आला. बीडीव्ही ७२ केव्ही, पाणी ६ पीपीएम. बाटलीवर तेलाचं तापमान लिहायचं राहिलं होतं, ते मी फोन करून विचारून घेतलं.